सँ-पेरेचा पहिला घाणा

इरा फ्रान्सला काय करते, असं कुणी विचारलं की श्रीकृष्ण मोकाशी "फळप्रक्रिया" म्हणत आणि लगेच उकाड्याबद्दल बोलू लागत. झाशीत उकाड्याला तोटा नाही, त्यामुळे विषय सहज बदलायचा. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी जॅम, मुरंबे, डबाबंद आंबा असं काहीबाही मनात धरलं होतं. दोन वर्षं ते तसंच चाललं.

इरा वाइन करत होती. ग्वाल्हेरला अन्नतंत्रज्ञान शिकली, नाशिकला एका वायनरीत नोकरीला लागली आणि तिथंच तिचं मन लागलं. पुढं शिकायला फ्रान्सला जायचं ठरवून ती घरी सांगायला आली, तेव्हा बापलेकीचं जोरात वाजलं.

"आपल्या घरात कुणी थेंबाला शिवलं नाही," श्रीकृष्ण म्हणाले, "आणि तू त्याचाच धंदा करणार?"

"बाबा, मी पीत थोडीच बसते? मी बनवते."

"तेच तर म्हणतोय मी!"

त्यानंतर फोनवर त्यांची दोनच वाक्यं व्हायची. "बरी आहेस ना? आईला देतो." फोन शारदाकडे जायचा आणि ती तासभर बोलायची. श्रीकृष्ण समोरच पेपर धरून बसलेले असायचे. पान मात्र उलटायचं नाही.

श्रीकृष्ण मूळचे कराडचे. डिप्लोमा करून झाशीच्या ट्रान्सफॉर्मरच्या सरकारी कारखान्यात लागले आणि चौतीस वर्षं देखभाल विभागात काढली. कारखान्यातल्या वजन उचलणाऱ्या क्रेन, त्यांच्या मोटरी, त्यांचे पॅनेल हे त्यांचं राज्य. मोटर बिघडली की ते आधी डोळे मिटून तिचा आवाज ऐकायचे, मगच हत्यार हातात घ्यायचे. निवृत्तीनंतर सिव्हिल लाइन्समध्ये छोटं घर घेतलं. इरा लहान असताना सुट्टीच्या दिवशी घरातला मिक्सर, कूलर, पाण्याचा पंप असं काही उघडलं की ती टेस्टर धरून शेजारी बसायची. तिचं मराठी निम्मं हिंदी होतं, स्क्रू-ड्रायव्हरला ती पेचकसच म्हणायची.

शारदाला मात्र सगळं ठाऊक होतं, कारण ती विचारायची. इरा ज्या गावात होती त्याचं नाव सँ-पेरे. रोन नदीच्या काठचा इवलासा द्राक्षपट्टा. आजूबाजूला तांबड्या वाइनची मोठमोठी नावं, आणि मधेच हा एवढासा तुकडा, जिथं गावाच्या नावानं फक्त पांढरी वाइन विकता येते. एक साधी, एक फेसाळ. डोंगरावर एक पडका किल्ला. शारदानं तो व्हिडिओवर पाहिला आणि म्हणाली, "हा काय किल्ला! आपला याच्या चौपट आहे."

शिकता शिकता इरा जिच्याकडे कामाला लागली ती मालकीण ओदिल नावाची बाई होती. चौसष्ट वर्षांची, काटक, दहा एकर उतारावर द्राक्षं. फेसाळ वाइन तिनं अकरा वर्षांपूर्वी बंद केली होती. त्यात कष्ट दुप्पट. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायचं, महिनोन्‌महिने ठेवायचं, गाळ मानेत आणायचा, काढायचा. इरानं अख्खा हिवाळा तिच्यामागं भुणभुण लावली. आजूबाजूचे शेतकरी हसले. शेवटी ओदिल वैतागून म्हणाली, "वरच्या तुकड्यातली मार्सान तुझी. कधी तोडायची ते तू ठरव. साधली तर फेसाळ पुन्हा सुरू. नाही साधली तर हा विषय माझ्यासमोर परत काढायचा नाही."

मार्सान ही तिथली द्राक्षाची जात. शारदानं हे सगळं जेवताना सांगितलं. श्रीकृष्ण आमटी ओरपत म्हणाले, "मला कशाला सांगतेस?" आणि थोड्या वेळानं, "दाबतात कशात ती द्राक्षं?"

"ते तुम्हीच विचारा तिला," शारदा म्हणाली.

त्यांनी विचारलं नाही.

ऑगस्टमधला रविवार होता. गणपती तीन दिवसांवर आले होते आणि मंडळाची बैठक मोकाशांच्या घरी भरली होती. अध्यक्ष गोपाळराव जुन्या शहरातल्या दतिया गेटहून आले होते. त्यांचं घराणं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी पौरोहित्यासाठी इकडे आलेलं, आणि बोलताना ते अजून 'न्हाणीघर' आणि 'माजघर' म्हणत. संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका इंदुमतीबाई भिंतीशी खुर्ची टेकवून बसल्या होत्या. आणखी आठ-दहा जण सतरंजीवर. अथर्वशीर्षाची आवर्तनं सकाळी ठेवायची की संध्याकाळी, यावर अर्धा तास झाला होता.

साडेबाराला शारदाचा फोन वाजला. तिथं नऊ वाजले असणार. रविवारी इरा इतक्या सकाळी कधी फोन करत नसे. शारदानं फोन कानाला लावला, ऐकलं आणि उठून सरळ नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्यासाठी आहे."

"बैठक चालू आहे."

"मोटर बंद पडली आहे तिची."

श्रीकृष्णांनी फोन घेतला.

"बाबा?" इराचा आवाज शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतका चढलेला होता, मागं कुणीतरी फ्रेंचमध्ये तावातावानं बोलत होतं. "बाबा, सुनो ना, प्रेसचा ड्रम फिरत नाहीये. दोन टन द्राक्षं आत भरली आहेत. माझी मार्सान आहे ती! आम्ही उजाडायच्या आधीपासून तोडतोय. चाळीस क्रेट बाहेर पडलेत, ऊन चढायला लागलंय. कंपनीचा मेकॅनिक म्हणतो मंगळवारी येईन. मंगळवारपर्यंत सगळं खलास होईल, बाबा. आतल्या आत आंबेल."

"थांब," श्रीकृष्ण म्हणाले. "प्रेस म्हणजे कसा? सांग मला."

ती भराभर सांगू लागली. आडवा मोठा पिंप. आत एक रबरी पडदा. हवा भरली की तो फुगतो आणि द्राक्षं हलकेच दाबतो. मग हवा काढायची, पिंप फिरवायचा, म्हणजे लगदा मोकळा होतो. पुन्हा दाबायचं. असं पाच-सहा वेळा.

"म्हणजे घाणाच," श्रीकृष्ण म्हणाले.

"हो. घाणाच. आणि तो फिरतच नाहीये."

खोलीतली कुजबुज वाढली होती. गोपाळराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "मोकाशी, काय आंबेल म्हणाली? मुलगी फळप्रक्रियेत आहे ना?"

श्रीकृष्णांनी फोनवर हात ठेवला. खोलीत दहा-बारा माणसं त्यांच्याकडे बघत होती. दोन वर्षं सांभाळलेलं उत्तर जिभेवर आलं होतं. पण फोनमधून पोरीचा धापा टाकणारा श्वास ऐकू येत होता.

"ती वाइन करते, गोपाळराव," ते म्हणाले. "द्राक्षाची. मी तुम्हाला आजवर खोटं सांगत होतो. आता जरा थांबा, तिची मोटर अडली आहे."

मग इंदुमतीबाईंनी काठी आपटली. "मग ऐकू येईल असं लाव ना तो फोन. आणि तो पंखा बंद करा, खडखडतोय नुसता."

फोन टीपॉयवर ठेवून स्पीकर लावला. गोपाळराव स्वतः उठले आणि पंखा बंद करून आले. ऑगस्टचा तो दमट उकाडा, बंद पंखा, आणि अख्खी कार्यकारिणी वाकून फोनकडे बघत होती.

"इरा, मोटरजवळ फोन धर. मालकिणीला एकदाच बटण दाबायला सांग. एकदाच."

'घूंऽऽऽ' असा जड, दबका आवाज आला. तीन-चार सेकंदांनी 'टक्' होऊन थांबला. श्रीकृष्णांनी डोळे मिटले होते.

"पुन्हा नको. बंद राहू दे."

"मोटर जळली का, बाबा?"

"जळली असती तर वास आला असता. वास येतोय?"

"द्राक्षांचाच येतोय इथं सगळीकडे."

"तसं नाही. नाकाचंच काम करतेस ना तू? नीट घे वास. मोटरला नाक लाव."

फोनमधून काही क्षण नुसता बाहेरच्या माणसांचा गलका ऐकू येत राहिला. श्रीकृष्णांच्या लक्षात आलं की आपण तिच्या नाकावर विसंबून बसलो आहोत, आणि त्यात आपल्याला काही वावगंही वाटत नाहीये.

"मोटरला गरम रंगाचा वास आहे," इरा सावकाश म्हणाली. "म्हणजे पेंट तापल्याचा. जळलेला नाही. पण बाबा... जळका वास आहे. थोडासाच. जळक्या प्लास्टिकचा, आणि मागं काहीतरी धातूचं. तो मोटरकडून नाही येत. भिंतीवरच्या डब्यातून येतोय. पॅनेलमधून."

श्रीकृष्ण सरळ बसले. "शाब्बास! मोटर ठीक आहे. तिला तीन तारांतून वीज मिळायला हवी, ती दोनच तारांतून मिळते आहे. म्हणून नुसती हुंकारते. आता सांग, तो ड्रम उलटा फिरतो का?"

"दोन्हीकडे फिरतो. सुलटा आणि उलटा."

"उलट्याचं बटण दाब."

बटण दाबल्याचा खटका ऐकू आला, मग एक घरघर, आणि मागून एकदम आरडाओरड. "फिरला! बाबा, उलटा फिरतोय!"

सतरंजीवरच्या कुणीतरी टाळी वाजवली. श्रीकृष्णांनी हात वर करून थांबवलं.

"आता कळलं. मोटर चांगली, केबल चांगली. सुलट्या बाजूचा कॉन्टॅक्टर गेला आहे. आपल्या क्रेनला हेच असतं, इरा, वर न्यायला एक आणि खाली आणायला एक. बटण दाबलं की खट्ट करून चिकटतो आणि वीज पुढं सोडतो, तो मोठा स्विच. तो बदलायचा."

"आज रविवार आहे. दुकानं बंद आहेत इथं."

"दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये असेल. आज न लागणारं मशीन कुठलं आहे?"

ती विचार करत होती. मग ओदिलशी फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. समोरून बाईचा आवाज चढला, इराचाही चढला. शारदा फोनशी वाकून म्हणाली, "काय म्हणते गं ती?"

"म्हणते, मेकॅनिकनं हात लावू नका सांगितलंय. आणि विचारते, तुझे वडील कोण लागून गेले?"

"सांग तिला," शारदा ठणकावून म्हणाली, "चौतीस वर्षं यांच्या हातच्या क्रेनवर शंभर-शंभर टनांचे ट्रान्सफॉर्मर लटकलेत. एक खाली पडला नाही."

इरानं ते फ्रेंचमध्ये सांगितलं. मग ओदिल एकच शब्द बोलली.

"हो म्हणाली," इरा म्हणाली. "आणि बाबा, डेस्टेमर आहे! देठ काढायचं मशीन. फेसाळसाठी आम्ही देठासकट अख्खे घोस दाबतो, त्यामुळे ते आज लागतच नाही."

"तर मग ऐक." श्रीकृष्णांचा आवाज बदलला. कारखान्यातली जुनी माणसं तिथं असती तर त्यांनी तो ओळखला असता. "मेन स्विच बंद. त्याला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्या खिशात. ओदिलच्या नाही, तुझ्या. सगळ्यांना ओरडून सांग की कुणी हात लावायचा नाही. झालं की सांग."

"झालं."

"मीटर आहे?"

"ओदिलच्या गाडीत आहे."

"सगळ्या तारा तपास. शून्य आलं पाहिजे. मला आकडे वाच."

तिनं वाचले. शून्य, शून्य, शून्य.

"आता जुन्याचा फोटो काढ. प्रत्येक तारेला चिकटपट्टी लाव, नंबर लिही. मग सोड. घाई नको."

"पण ऊन..."

"घाई नको म्हटलं ना. क्रेट सावलीत ओढायला सांग, त्यावर ओली गोणपाटं टाका. तू तुझं काम कर."

पाच मिनिटं पेचकसाची कुरकुर तेवढी ऐकू येत राहिली. गोपाळरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण ते पुसत नव्हते. इंदुमतीबाईंनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली होती. अथर्वशीर्षाचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

"निघाला," इरा म्हणाली. "एक टोक पूर्ण काळं झालंय, बाबा. वितळलंय."

"तोच. आता देठाच्या मशीनचा काढ. कडेला बारीक अक्षरात व्होल्टेज लिहिलं असेल. जुन्यावर काय आहे?"

"चोवीस."

"आणि त्याच्यावर?"

फोनमधून काहीतरी पुसल्याचा आवाज आला.

"चोवीस!"

"बसव. आणि ऐक, दोन कॉन्टॅक्टरच्या मधे प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असेल. तो विसरायचा नाही. दोघं एकाच वेळी चिकटू नयेत म्हणून असतो. त्याच्याशिवाय चालू केलंस तर मोठा भडका उडेल."

"आहे. माझ्या हातातच आहे."

"लाव. तारा नंबराप्रमाणे. प्रत्येक पेच घट्ट. मग प्रत्येक तार ओढून बघ."

तिनं एकेक तार ओढून बघितली आणि प्रत्येकीला "घट्ट" म्हटलं. शारदाच्या लक्षात आलं की लेक आता हिंदीत एक शब्दही बोलत नव्हती.

"आता कुलूप काढ, मेन चालू कर. सगळ्यांना मागं सरा म्हण. ओदिलला नको, तूच दाब बटण."

खट्ट झालं. मग जो आवाज आला त्यात हुंकार नव्हता. गोल, सलग, संथ घरघर होती ती. श्रीकृष्णांनी ती दहा सेकंद ऐकली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की शारदा बघतच राहिली.

"फिरतोय," ते खोलीला म्हणाले. "सुलटा फिरतोय."

फोनमधून पंधरा-वीस माणसं एकदम ओरडली. इकडे सतरंजीवरचे सगळे उभे राहिले. गोपाळरावांनी श्रीकृष्णांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. इरा रडतही होती आणि हसतही होती. "बाबा, रस येतोय! धार लागली आहे!" तिनं व्हिडिओ चालू केला. स्टीलच्या पन्हाळीतून हिरवट सोनेरी रस खाली पडत होता. मागं मळलेल्या टोप्या घातलेली माणसं हात हलवत होती, आणि त्यांच्या पुढं एक काटक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं फोनमध्ये वाकून बघितलं आणि श्रीकृष्णांना काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, पुढच्या हंगामाच्या आधी बाकीची मशीनंपण ऐकून घ्या."

"म्हणावं, आवाज पाठव, ऐकतो."

इंदुमतीबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. "ए इरा, मी बोलतेय, इंदुमती आजी. तुझ्या बापानं आम्हाला जॅम-मुरंब्याच्या नावावर दोन वर्षं फसवलं. तू मात्र जे करतेस ते छान करतेस हो, पोरी!" खोली हसली. श्रीकृष्णही हसले, कानापर्यंत लाल होऊन. मग गोपाळरावांनी पंखा लावला आणि बैठकीला म्हणाले, "आवर्तनं सकाळी. कुणाची हरकत?" कुणाचीही नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत इरानं चार घाणे काढले. प्रत्येक घाणा संपला की ती वडिलांना फोन करून सांगायची, आणि दर वेळी श्रीकृष्ण पहिल्या रिंगला उचलायचे. हा रस का वेगळा ठेवला, तो का मिसळला, अख्खा घोस हलक्या हातानं दाबला तर देठाचा कडवटपणा का उतरत नाही, हे त्यांनी चार हप्त्यांत समजून घेतलं. चौथ्या फोनला ते म्हणाले, "म्हणजे दाब किती आणि किती वेळ, यावरच सगळं आहे."

"हो, बाबा."

"मग हे इंजिनिअरिंगच आहे की!"

"मी दोन वर्षं हेच सांगतेय."

"मी ऐकलं नाही," श्रीकृष्ण म्हणाले. "चूक झाली माझी." आयुष्यात ते वाक्य त्यांनी फार वेळा उच्चारलं नव्हतं.

रस टाक्यांत आंबला, वसंतात बाटल्यांत गेला आणि तिथं दुसऱ्यांदा आंबून गाळावर वर्षभर पडून राहिला. तोवर ओदिलनं खरोखरच मशीनांचे आवाज पाठवले. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जाणार आहे, हे श्रीकृष्णांनी झाशीत चहा पिता पिता सांगितलं, आणि ते तीन आठवड्यांनी गेलंच. तेव्हापासून शेजारचे दोन शेतकरीही इराला फोन धरायला लावू लागले. ते तेच होते, आधी हसलेले.

हंगामानंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात सँ-पेरेच्या द्राक्षवाल्यांनी गावच्या सभागृहात फेसाळ वाइन चाखायला ठेवल्या. बाटल्यांवर कापड गुंडाळलेलं. कुणाची कुठली, कुणालाच माहीत नाही. सतरा बाटल्या, अकरा चाखणारे. झाशीत तेव्हा पंचेचाळीस डिग्री होतं आणि कूलरला पाणी भरून श्रीकृष्ण व शारदा फोनसमोर बसले होते. इरानं फोन खिशात चालूच ठेवला होता, त्यामुळे त्यांना दिसत काही नव्हतं, नुसतं फ्रेंच ऐकू येत होतं. कुणीतरी एक आकडा पुकारला. कापड सोडवल्याची सळसळ झाली. मग ओदिलचा आवाज, इतका मोठा की शारदानं फोन लांब धरला. "इराऽऽ!"

फोन खिशातून बाहेर आला. इराचा चेहरा पडद्यात मावत नव्हता.

"पहिली! आई, पहिली आलो आम्ही! अकरातल्या नऊ जणांनी आपली निवडली. आणि ओदिल सगळ्यांसमोर म्हणाली, पुढच्या हंगामापासून तळघर माझ्या हातात. अख्खं! साधीपण मीच करणार, फेसाळपण मीच!"

श्रीकृष्णांनी फोन शारदाच्या हातातून घेतला.

"इरा, ग्लास आहे का हातात?"

"आहे."

"मग कशी लागते ते सांग. मला नीट कळलं पाहिजे. मराठीत सांग."

"मराठीत? बाबा, मुझे तो शब्द भी..."

"मी देतो शब्द. तू सुरुवात कर."

मागं माणसं तिचं नाव घेऊन टाळ्यांचा ठेका धरत होती. तिनं एका कानात बोट घातलं, ग्लास नाकाशी नेला आणि सांगू लागली, "आधी ना, भाजलेल्या कणकेसारखा वास येतो. खमंग. मग हिरवं सफरचंद... आणि जिभेच्या कडेला जे होतं ना, बाबा, आवळा खाल्ल्यावर होतं ते..."

"तुरट," श्रीकृष्ण म्हणाले.

"तुरट! आणि मग पाणी प्यायल्यावर गोड लागतं तसं... पण बुडबुडे इतके बारीक आहेत, की ते टोचत नाहीत, ते..."

"सांग, सांग," श्रीकृष्ण म्हणाले आणि शारदाला ऐकू यावं म्हणून कूलर बंद करायला उठले.